सेल मारलास?

"सेल मारलास?"

"न्हाई वस्ताद."

"खरं सांग."

"आईशप्पत न्हाई. पाणी उतरल्याबरोबर बॅटरीची वायर काढली. बघा की, लोंबतीया."

बाबालाल मिस्त्रीनं वायर बघितली. वायर खरंच लोंबत होती. मग त्यानं सर्जेराव देसायाकडं बघितलं. सर्जेराव वायरीपेक्षा जास्त लोंबत होता.

मिस्त्री मेंदी लावलेल्या दाढीत बोटं घालून खाजवत बसला. दाढी खाजवली की लोकांना वाटतं, हा विचार करतोय. खरं म्हणजे त्याला मेंदीची खाज सुटते.

मिस्त्रीच्या गॅरेजच्या दारात सर्जेरावाची जीप उभी होती. जुनी, डिझेलवरची, चारी चाकांना जोर असलेली. कुठल्याही ओढ्यात उतरायची, कुठलाही डोंगर चढायची. पण हिरण्यकेशीला पूर आला तेव्हा ती नदीत उतरली नाही, नदीच तिच्यात उतरली. पाणी टपाच्या वर गेलं. ट्रॅक्टरला बांधून तिला इथं आणलं आणि दार उघडलं, तेव्हा आतून गाळ आला, उसाची पानं आली, आणि एक खेकडा उतरून, मागं वळूनही न बघता, रस्त्यानं चालता झाला.

आता ज्यांची अक्कल सायकलपाशी थांबते त्यांच्यासाठी सांगतो. सेल मारणं म्हणजे चावी फिरवून इंजिनाला हाक मारणं. एरवी गाडी ओ देते. पण पाणी प्यालेल्या गाडीला हाक मारायची नसते. इंजिनाच्या पोटात हवा असली तर ती दाबली जाते. पाणी दबत नाही. जोर करून दाबायला गेलं की पिस्टनचा दांडा वाकतो.

हे सर्जेरावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो मिस्त्रीचाच चेला. मिसरूड फुटायच्या आधी याच दारात पाने-पकडी पुसायला बसला होता. मग मिशी आली, मग अक्कल आली, मग हायवेला स्वतःचं गॅरेज आलं, काचेच्या दाराचं. त्यातली मिशी अजून वाढतेय. त्या काचेच्या दारावर त्यानं लाल अक्षरांत लिहून घेतलंय : 'बुडालेल्या गाडीला सेल मारू नये. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा ते लिहिलेलं नाही.

असा माणूस आपली गाडी दुसऱ्याच्या दारात का घेऊन आला? आपल्याच पोराला सुई टोचायची झाली तर डॉक्टरचाही हात कापतो, तसं काहीतरी असेल, असं आम्ही गॅरेजसमोरच्या बाकड्यावरच्या मंडळींनी ठरवलं. बाकड्यावर बसलं की सगळं ठरवता येतं.

"दसऱ्याच्या आत चालू करून द्या वस्ताद."

"का?"

"पूजेला पाहिजे."

"पूजा बंद गाडीची बी हुती. देवाला सेल लागत न्हाई."

मिस्त्री उठला आणि जीपभोवती एक फेरी मारली. डाव्या दारापाशी थांबला.

सगळी जीप चिखलाची झाली होती. टपाला गाळ, काचेला गाळ, स्टेअरिंगला गाळ. ड्रायव्हरशेजारचं डावं सीट तेवढं स्वच्छ. नुसतं स्वच्छ नव्हे. धुऊन, वाळवून, वर घडी न मोडलेला टॉवेल अंथरलेला.

"हितं कोण बसणार हाय?"

"कोण न्हाई."

"मग टॉवेल कुणासाठी?"

मिस्त्रीनं आत हात घालून समोरची दांडी चाचपली. हादरे बसताना धरायची लोखंडी दांडी. तिचा काळा रंग एका जागी घासून गेला होता आणि खालचं लोखंड चांदीसारखं झालं होतं. एका मुठीएवढंच.

"हर्षी हितं धरायची."

"व्हय."

"लई घट्ट धरायची."

"व्हय वस्ताद."

हर्षदा ही सर्जेरावाची एकुलती एक. शाळेत बसायची तेव्हा खिडकीतून बाहेर बघायची आणि जीपमध्ये बसली की एक खड्डा चुकवू द्यायची नाही. आमच्याकडं डोंगरात चिखलातल्या गाड्यांच्या शर्यती होतात. ज्यांच्या घरापुढं फुकटचा चिखल आहे ते लोक लांबचा चिखल शोधत डिझेल जाळत जातात. सर्जेराव त्यातला राजा. तो गाडी चालवायचा आणि शेजारी बसून हर्षदा ओरडायची, "बाबा, डावीकडं! बाबा, सोडा सोडा! बाबा, आता दाबा!" लोक म्हणायचे, गाडी सर्जेराव चालवतो आणि सर्जेरावाला हर्षी.

मागच्या वर्षी शर्यतीच्या मैदानात, सगळ्यांसमोर, ती उजव्या बाजूनं चढायला गेली. म्हणाली, आज मी चालवते.

सर्जेराव म्हणाला, "बाजूला सर. गाडी तुझ्या बापाची हाय. तुझी न्हाई."

लोक हसले. आमच्याकडं लोकांना हसायला तेवढं पुरतं. मीही हसलो.

ती उतरली. डावीकडं जाऊन बसली नाही. तशीच चिखलाच्या पायांनी एसटीच्या थांब्याकडं चालत गेली. आता नाशकाला एका कारखान्यात आहे. नवीन इंजिनं कानानं तपासते म्हणे. बापाला फोन करत नाही. बापही करत नाही. मिशी आड येते.

"दसऱ्याला ती येणार हाय?" मिस्त्रीनं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

सर्जेराव जमिनीकडं बघत म्हणाला, "तिला आवाज ऐकवायचा हाय वस्ताद. फोनवर. एकदा. ह्या गाडीचा आवाज ऐकला की ती..."



मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी ओढली आणि सर्जेरावाच्या नाकापुढं धरली. ऑइल काळं असतं. हे दुधाळ तपकिरी होतं, साय धरल्यासारखं.

"चहा घेणार?"

बाकडं हसलं. सर्जेराव हसला नाही.

"बशीतनं देऊ?"

"वस्ताद, चेष्टा नको. पाणी आत गेलंय, ते मला बी दिसतंय. काय करायचं ते करा."

"मी कशाला? तू म्हण. बुडालेल्या गाडीला काय करायचं? मोठ्यानं म्हण, ह्या बाकड्यावरच्या रिकामटेकड्यांना बी कळू दे."

पन्नाशीचा सर्जेराव, हायवेवरचा मालक, शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

"नोझल काढायची. तोंडं मोकळी करायची. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं. मग सेल मारायचा."

"मग. आधी न्हाई."

"आधी न्हाई."

"सेल मारलास?"

"न्हाई म्हणलं की वस्ताद! कितीदा इचारताय?"

मिस्त्रीनं मान हलवली आणि ग्रीसच्या डब्यात हात घातला. डब्यातून गुळाचा खडा निघाला. त्याला साखरेचा आजार आहे, घरात गूळ दिसू देत नाहीत. ग्रीसच्या डब्यात कुणी शोधत नाही. खडा तोंडात टाकून तो कामाला लागला.

दोघांनी मिळून इंजिनात डिझेल फवारणारी नोझल काढली. एकानं हात पुढं करायचा आणि दुसऱ्यानं न विचारता बरोबर पाना द्यायचा. इतक्या वर्षांनीही सर्जेरावाच्या हाताला ठाऊक होतं, वस्तादाला कधी काय लागतं. चार नोझल निघाली. इंजिनाच्या डोक्यावर चार भोकं उघडी पडली.

"वायर जोड."

बॅटरीच्या टोकांवर पुरानं पांढरट हिरवी बुरशी चढवली होती. मिस्त्रीनं इकडं तिकडं बघितलं. जीपच्या पुढं सर्जेरावानं नवीन लिंबू-मिरची बांधली होती, पूर येऊन गेल्यावर. मिस्त्रीनं लिंबू तोडलं, कापलं आणि बॅटरीच्या टोकांवर घासलं. तांबं, शिसं सगळं लख्ख झालं.

"बघ, नजर उतरली." मिरच्या त्यानं खिशात टाकल्या. जेवताना लागतात.

वायर जोडली. मिस्त्री चावीपाशी जाऊन बसला.

"सर्ज्या, जरा वाकून बघ. तिसऱ्या भोकात कायतरी दिसतंय."

"काय?"

"वाक की. जवळनं बघ."

सर्जेराव वाकला.

आम्हाला बाकड्यावर कळलं होतं. सर्जेरावालाही कळायला हवं होतं. तोच ह्या विद्येत पारंगत. पण वस्तादानं वाक म्हटलं की तो वाकायचा, पाने पुसायला होता तेव्हापासून.

मिस्त्रीनं चावी फिरवली.

चारी भोकांतून कारंजी उडाली. नदीचं पाणी, डिझेल, गाळ, एक बारीकसा शिंपला. सगळं सर्जेरावाच्या तोंडावर. मिशीतून थेंब लोंबायला लागले. बाकडं उलटंपालटं झालं. मी हसून हसून खाली पडलो आणि खाली पडल्यावरही हसत होतो.

मिस्त्री हसला नाही. चावीवर हात ठेवून बसून राहिला.

सर्जेरावानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. पुन्हा ओलं झालं. पुन्हा पुसलं. पुन्हा ओलं झालं.

इंजिनातलं पाणी इतका वेळ गळत नाही. बाकड्यावरचं हसू एकेकाच्या तोंडावरून उतरलं.

मिस्त्री खाली उतरला. भिंतीला टेकवलेल्या मोडक्या सायकलच्या चाकातून एक तार काढली, सरळ केली आणि पहिल्या भोकातून आत सोडली. पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन सावकाश फिरवलं. आतला पिस्टन वर आला तशी तारही वर आली. सगळ्यात वर आली तिथं मिस्त्रीनं चिमटीत धरून नखानं खूण केली.

दुसरं भोक. तार त्याच खुणेपर्यंत वर आली.

तिसरं भोक. त्याच खुणेपर्यंत.

चौथं भोक. तार वर आली... आणि खुणेच्या खालीच थांबली. तांदळाच्या दाण्याएवढी खाली.

मिस्त्रीनं पुन्हा इंजिन फिरवलं. पुन्हा तेवढीच खाली.

तीन दांडे सरळ होते. चौथा वाकला होता.

पूर दांडा वाकवत नाही. पूर नुसता आत येऊन बसतो. दांडा वाकवायला माणूस लागतो. हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त सर्जेरावाला.

मिस्त्रीनं तार त्याच्या हातात दिली.

"सेल मारलास?" ह्या वेळी त्यानं हळू विचारलं. घरात कुणी झोपलेलं असताना विचारतात तसं.

"..."

"सर्ज्या."

"मारला वस्ताद."

"दारावर लिवलंयस."

"व्हय."

"मग?"

सर्जेराव जीपच्या पुढच्या चाकापाशी खाली बसला. हातातल्या तारेनं चाकातली माती उकरायला लागला.

"पाणी उतरलं हुतं. मी चिखलात हुबा हुतो. आणि फोन वाजला. बघितलं तर... हर्षीचं नाव. वस्ताद, वरीस झालं, ते नाव त्या फोनवर वाजलं न्हवतं."

"काय म्हणाली?"

"जीप वाचली का म्हणाली."

"तुझं न्हाई इचारलं?"

"जीपचंच इचारलं."

"तू काय म्हणलास?"

"वाचली म्हणलं. पाणी चाकालाच लागलं म्हणलं. कसं सांगू, पोरी, तुझी... माझी गाडी बुडाली म्हणून?"

मिस्त्री 'तुझी'वर थांबला नाही. पण त्यानं तोंडातला गूळ चघळायचा थांबवला.

"मग?"

"मग म्हणाली... ऐकवा."

रस्त्यानं एक एसटी गेली.

"मला वाटलं, एकदा आवाज ऐकला की बोलंल. ह्या गाडीच्या आवाजातच वाढलीय ती. ऐकंल आणि इचारंल, कसं हायसा, जेवलासा काय. कायतरी इचारंल. म्हणून फोन बॉनेटवर ठेवला..."

"आणि सेल मारलास."

"व्हय. दारावरचं लिवलेलं डोळ्यांपुढं दिसत हुतं वस्ताद. लाल अक्षरात. तरी मारला." त्यानं नाक ओढलं. "एक ठोका पडला. एकच. एका सिलिंडरनं आग धरली. चौथ्यात पाणी जास्त हुतं... आणि ठक्."

"तिनं ऐकलं?"

"इंजिनं कानानं तपासायचा पगार घेती ती. ऐकलं की."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. फोन चालू हुता. बराच वेळ. तिचा श्वास ऐकू येत हुता. ती बी बोलंना, मी बी बोलंना. मग बंद झाला. मग वायर काढली."

बाकड्यावर मी पहिल्यांदाच कुणाची चेष्टा सुचत नाही अशा अवस्थेत बसलो होतो. फार वाईट अवस्था असते.

सर्जेराव उठला. पँट झटकली. मालकासारखा ताठ उभा राहिला, किंवा तसा प्रयत्न केला.

"दांडा बदला वस्ताद. चारी बदला. लागंल ते घाला. पण आवाज तोच यायला पाहिजे. तिला वळखू यील असा."

"यील."

"तोच?"

"तोच यील. मग काय करणार?"

"फोन लावणार. बॉनेटवर ठेवणार. ऐकवणार."

"आणि ऐकवून झाल्यावर?"

"झाल्यावर... झाल्यावर काय?"

"गाडी बंद केलीस. आवाज थांबला. ती तिकडं हाय, तू हिकडं. मग?"

सर्जेरावानं डाव्या सीटवरचा टॉवेल बघितला. घडी अजून मोडली नव्हती.

"मग मला न्हाई म्हाईत, वस्ताद."

मिस्त्रीनं रॉकेलच्या डब्यात हात बुडवले, चिंधीनं एकेक बोट पुसलं. सावकाश. मग ग्रीसच्या डब्यामागून आपला मोबाईल काढला. फोन जुना, बटणांचा, काच तडकलेली. ज्याला मेंदी लावायला आरसा सापडतो त्याला चष्मा सापडत नाही, त्यामुळं नंबर शोधायला तो नेहमी आमच्यापैकी कुणालातरी हाक मारतो. आज मारली नाही. नंबर शोधावा लागलाच नाही. सगळ्यात वरचाच होता.

त्यानं बटण दाबलं. फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला.

रिंग वाजायला लागली. गाळानं माखलेल्या पत्र्यावर ती जरा घुमत होती.

सर्जेराव एक पाऊल मागं सरला. मिस्त्रीनं त्याच्या दंडाला धरलं. म्हाताऱ्याची पकड अजून पान्यासारखी आहे. मी एकदा त्याचा गूळ चोरायला गेलो होतो, मला ठाऊक आहे.

"हॅलो? चाचा?"

पोरीचा आवाज. मागं कारखान्याची घरघर.

"चाचा, उघडली का गाडी?"

सर्जेरावानं मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं रस्त्यापलीकडच्या झाडाकडं बघितलं. झाडावर काही नव्हतं.

"चाचा? ऐकू येतंय ना?"

सर्जेरावाच्या घशातून खर्र असा आवाज आला, बॅटरी उतरल्यावर येतो तसा. मग पुन्हा खर्र. पुढं काही नाही. डोळ्यांतलं पाणी मात्र मिशीवरून, हनुवटीवरून खाली चाललं होतं आणि त्यानं ते पुसायचं सोडून दिलं होतं.

तिकडची घरघर कमी झाली. कुणीतरी दार लावून बाहेर आल्यासारखी.

"चाचा, कोण आहे तिथं?"

"..."

"... बाबा?"

सर्जेरावाचा हात आपोआप पुढं गेला. त्यानं उघड्या दारातून ती डावी दांडी धरली. घासून चांदी झालेल्या जागी. मूठ त्याची मोठी होती, जागा पुरली नाही.

मिस्त्री त्याच्या कानाशी वाकला.

"पाणी गेलं सगळं. आता मार सेल."